तारेचं गेज बदलून गिटारचा आवाज बदलायचा तर: निवडीपासून सेटअपपर्यंत

गिटारचा आवाज पातळ वाटतो. बेंड करताना, म्हणजे तार बाजूला ओढून स्वर चढवताना, ती हाताखालून निसटते. खाली ट्यून केलं की सहावी तार लुळी पडते. तासभर वाजवलं की बोटं हुळहुळायला लागतात. यांपैकी कुठलीही तक्रार असली तरी बहुतेक जण आधी पिकअप किंवा ॲम्प बदलायच्या विचाराला लागतात. मी मात्र कुणी विचारलं की पहिला प्रश्न हाच करतो: आत्ता गिटारवर कितीच्या तारा आहेत? उत्तर बहुतेकदा 'माहीत नाही' असं येतं, आणि मग काम तिथूनच सुरू होतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तारेची जाडी आवाजापर्यंत दोन वाटांनी पोचते. एक वाट तारेच्या वजनातून जाते: जाड तार जास्त धातू हलवते. दुसरी वाट तुमच्या हातातून जाते: ताण बदलला की तुम्ही किती जोरानं छेडता, किती जोरानं दाबता, किती मोकळेपणानं बेंड करता, हे सगळं बदलतं. दुसरी वाट पहिलीपेक्षा मोठी आहे, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे गेज, म्हणजे तारेची जाडी, निवडताना कानाइतकंच हाताचंही ऐकावं लागतं.

आकडे वाचायचे कसे

गेज इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. 'दहाची तार' म्हणजे ०.०१० इंच, साधारण पाव मिलिमीटर. सेटचं नाव पहिल्या (सर्वांत पातळ) आणि सहाव्या (सर्वांत जाड) तारेवरून पडतं. इलेक्ट्रिकचा सर्वांत परिचित सेट १०-४६ आहे. त्यातल्या सहा तारा १०, १३, १७, २६, ३६, ४६ अशा असतात. त्याहून हलका ९-४२ म्हणजे ९, ११, १६, २४, ३२, ४२. त्याहून जड ११-४८ किंवा ११-४९. पहिल्या तीन तारा हलक्या आणि खालच्या तीन जड असा १०-५२ हा मिश्र सेटही मिळतो. अकूस्टिकवर सुरुवातच वरून होते: १०-४७, ११-५२, १२-५३ आणि १३-५६.

पाकिटावरच्या 'लाइट', 'रेग्युलर', 'मीडियम' या शब्दांवर विसंबू नका. अकूस्टिकचा लाइट सेट बाराचा असतो, इलेक्ट्रिकचा लाइट नऊचा किंवा दहाचा, आणि प्रत्येक कंपनीचं नामकरण थोडं वेगळं असतं. आकडे वाचा.

जाडी आणि ताण यांचं गणित

साध्या तारेचा, म्हणजे जिच्यावर दुसरी तार गुंडाळलेली नाही अशा तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नऊवरून दहावर गेलात तर जाडी ११ टक्के वाढते, पण ताण सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. इंचाचा हजारावा भाग डोळ्यांना दिसत नाही, बोटाला मात्र लगेच कळतो, तो यामुळे.

स्केल म्हणजे तारेची मोकळी वाजणारी लांबी. २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर स्केलच्या गिटारवर नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये नऊची पहिली तार सुमारे ५.९ किलो ताण धरते, दहाची ७.३, अकराची ८.९ आणि बाराची १०.६ किलो. पूर्ण सेट धरला तर ९-४२ नेकवर साधारण ३८ किलो ओढ टाकतो आणि १०-४६ साधारण ४७. अकूस्टिकचा १२-५३ चौऱ्याहत्तरच्या आसपास जातो, १३-५६ तर चौऱ्याऐंशीच्या आसपास. नेक, ब्रिज आणि गिटारचा वरचा तक्ता हे वजन रात्रंदिवस पेलत असतात, म्हणून गेज बदलल्यावर सेटअप टाळता येत नाही.

स्केल लांबीही इथे बोलते. गिब्सन पद्धतीच्या २४.७५ इंच स्केलवर तोच सेट त्याच सुरात सुमारे ६ टक्के सैल राहतो. फेंडर पद्धतीच्या ६४८ मिलिमीटर स्केलवर दहाच्या सेटची सवय झालेल्या हाताला छोट्या स्केलवर तोच सेट मऊ लागतो, तिथे १०.५ घेतलं तर हात पुन्हा घरी आल्यासारखा वाटतो.

ट्यूनिंग उतरवलं की ताण भराभर पडतो: अर्ध्या सुराला ११ टक्के, पूर्ण सुराला जवळपास २१ टक्के. ताण तोच ठेवायचा असेल तर एक सोपा हिशोब पाठ करून ठेवा. प्रत्येक अर्ध्या सुरामागे जाडी ६ टक्क्यांनी वाढवा. दहाची तार अर्धा सूर उतरवणार असाल तर १०.५ घ्या, पूर्ण सूर उतरवणार असाल तर ११. ई वरून थेट सी पर्यंत, म्हणजे दोन पूर्ण सूर, तर १२ ते १३. हा हिशोब साध्या तारांना नेमका लागू पडतो आणि गुंडाळलेल्या तारांनाही पुरेसा जवळचा ठरतो.

१०-५२ हा मिश्र सेट याच गरजेतून टिकून राहिला आहे. ड्रॉप डी साठी सहावी तार ई वरून डी वर आणली की ४६ ची तार आठ किलोच्या आसपासच्या ताणावरून साडेसहाच्या खाली येते आणि जोरात छेडलं की डगमगते. तिथे ५२ लावली तर डी वरही ती पुन्हा आठ किलोच्या घरात राहते.

आवाजात नेमकं काय बदलतं

जाड तारेत धातू जास्त असतो. इलेक्ट्रिकच्या पिकअपवरून ती हलते तेव्हा चुंबकीय क्षेत्रात मोठी उलथापालथ होते आणि सिग्नल जोरकस येतो. अकूस्टिकवर तीच जादा शक्ती ब्रिजमधून तक्त्यात उतरते; आवाज मोठा होतो, खालचे सूर भरतात. मूळ स्वर ठाम ऐकू येतो. पातळ तारेत मूळ स्वराच्या मानानं वरचे उपस्वर पुढे येतात. आवाज चमकदार आणि चपळ होतो. कॉर्डमधला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो, पण खाली पोट कमी राहतं.

जाड होण्याची एक किंमतही असते. तार जाड झाली की ती ताठ होते, आणि ताठ तारेचे उपस्वर आपापल्या जागेपेक्षा थोडे चढे निघतात. याचा सर्वांत मोठा फटका तिसऱ्या तारेला बसतो. ही तार 'जी' स्वराची. सतराची साधी 'जी' ठीक वागते, अठराची चालते, पण वीसची साधी 'जी' कॉर्डमध्ये कायम किंचित बेसूर वाटत राहते. अकूस्टिकवर तिसरी तार गुंडाळलेली असते ती यासाठीच: आतला गाभा पातळ आणि लवचीक राहतो, वजन वरच्या वेटोळ्यांतून येतं. इलेक्ट्रिकवरही १९५० च्या दशकात गुंडाळलेली तिसरी तारच रूढ होती. बेंडसाठी मऊ तार हवी म्हणून काही वादकांनी बँजोची पातळ तार पहिल्या जागी लावून बाकीच्या तारा एकेक घर खाली सरकवायला सुरुवात केली. हलके सेट पाकिटात मिळायला लागले ते १९६० च्या दशकात.

आता हाताची वाट. पातळ तारेवर जोरात पिक मारली की ती रुंद झोके घेते, ताण क्षणभर वाढतो आणि स्वर चढा सुरू होऊन मग जागेवर बसतो. ज्यांचा उजवा हात जड आहे त्यांना हे 'पातळ आवाज' म्हणून जाणवतं. खरं तर तार त्यांच्या जोराला पुरी पडत नसते. उलट ज्यांचा हात हलका आहे त्यांच्याकडून जाड तार पुरेशी हलतच नाही आणि आवाज मंद, कोंदट निघतो. जाड तार त्यांना भारदस्त आवाज देईल ही अपेक्षा तिथे फोल ठरते.

ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन तेराची पहिली तार वापरत आणि गिटार अर्धा सूर उतरवत. झीझी टॉप या बँडचे बिली गिबन्स सातची तार वापरतात. दोघांच्याही आवाजाला कुणी पातळ म्हणणार नाही. ब्लॅक सबाथ या बँडचे टोनी आयोमी यांनी १९६५ मध्ये कारखान्यातल्या अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावली. ते डावखुरे असल्यामुळे तार दाबणारा हात तोच होता. बोटांना सोसावं म्हणून त्यांनी हलक्या तारा लावल्या, पुढे ट्यूनिंगही उतरवलं, आणि जगातल्या सर्वांत वजनदार आवाजांपैकी एक त्या सैल तारांवर घडला. 'जाड तार म्हणजे भारदस्त आवाज' हे वाक्य नियम म्हणून कुणी सांगितलं तर ही तीन नावं आठवा.

बेंडबद्दल एक गैरसमज आहे, तोही इथेच दूर करतो. पातळ तार त्याच स्वरापर्यंत न्यायला जास्त अंतर सरकवावी लागते, असं ऐकायला मिळतं. साध्या तारांमध्ये अंतर जवळपास तेच राहतं. बदलतं ते लागणारं बळ. पातळ तारेवर बेंड स्वराच्या पुढे निघून जातो तो जुन्या बळाची सवय हातात शिल्लक असल्यामुळे. आठवडाभरात हात जुळवून घेतो.

पायरी १: तक्रार एका वाक्यात लिहा

'आवाज आवडत नाही' एवढ्यावर गेज निवडता येत नाही. कुठली तार, कुठल्या फ्रेटवर, काय करताना, हे लिहून काढा. 'पहिल्या दोन तारा सोलोमध्ये चिरक्या वाटतात.' 'कॉर्ड वाजवताना सहावी तार बाकीच्यांवर चढते.' 'बॅरे कॉर्ड तिसऱ्या गाण्यापर्यंत टिकत नाही.' ही तीन वाक्यं तीन वेगळ्या उत्तरांकडे नेतात. पहिल्यात फक्त वरच्या तारा एका घरानं, म्हणजे गेजच्या एका पायरीनं, जाड करून बघता येतील. दुसऱ्यात सहावी तार हलकी हवी. तिसऱ्यात गेजच्या आधी नटची, म्हणजे नेकच्या टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीची, उंची तपासायला हवी, कारण नटचे खाचे उंच असतील तर नऊच्या तारासुद्धा पहिल्या फ्रेटवर छळतात.

पायरी २: सध्याची तार मोजा

पाकीट ठेवलं असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर डिजिटल कॅलिपरनं पहिली आणि सहावी तार मोजा, ०.२३ मिलिमीटर आलं तर नऊ, ०.२५ तर दहा, ०.२८ तर अकरा, ०.३० तर बारा. कॅलिपर इतका बारीक फरक कधी कधी चुकवतो, म्हणून तीनदा मोजा.

पायरी ३: एकाच घरानं सरका

मी हे ठासून सांगतो. नऊवरून अकरावर उडी मारू नका. ताण जवळपास दीडपट होतो, नेक वाकतो, बेंड अर्धवट राहतात, आणि 'जाड तारा मला जमत नाहीत' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. नऊवर असाल तर ९.५ किंवा १० बघा. अर्ध्या गेजचे सेट आता सहज मिळतात.

दिशा ठरवताना मी असा विचार करतो. बेंड आणि व्हायब्रेटो जास्त, गेन जास्त, हात हलका असेल तर ९ किंवा ९.५. ऱ्हिदम जास्त, स्वच्छ आवाज, पिक जाड आणि हात जड असेल तर १० किंवा ११. जॅझचा गोल, बसका आवाज हवा असेल आणि बेंड फारसे नसतील तर बाराच्या आसपासचा फ्लॅटवाउंड, म्हणजे सपाट वेटोळ्यांचा सेट, गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेसह. स्लाइड, म्हणजे तारांवर नळी सरकवून, वाजवणाऱ्यांनी नक्कीच वर जावं. तार सैल असली की स्लाइड फ्रेटवर आपटते.

अकूस्टिकवर निवड गिटारच्या अंगावर जास्त अवलंबून असते. मोठ्या अंगाची ड्रेडनॉट १२ किंवा १३ मागते, कारण तक्ता हलवायला शक्ती लागते. छोट्या, हलक्या बांधणीच्या गिटारवर तेराच्या तारा लावल्या तर तक्ता ताणाखाली आखडतो आणि आवाज मोठा व्हायच्या ऐवजी गुदमरतो. तिथे ११ किंवा १२ वर ती गिटार खुलून बोलते. बोटांनी वाजवणाऱ्यांना अकरा बहुधा पुरे होतात. गिटार जुनी असेल, ब्रिजच्या मागे तक्ता फुगलेला दिसत असेल किंवा ब्रिजखाली कागद सरकत असेल, तर जड तारा मुळीच लावू नका.

क्लासिकल गिटारवर, म्हणजे नायलॉनच्या तारांच्या गिटारवर, स्टीलच्या तारा कधीही चढवू नका, अगदी दहाच्याही नाही. तिची आतली बांधणी त्या ताणासाठी नसते, ब्रिज उखडतो. नायलॉनच्या सेटवर जाडीपेक्षा ताणाचं नाव महत्त्वाचं असतं: नॉर्मल टेन्शन, हार्ड टेन्शन.

धातूबद्दल थोडक्यात. एका वेळी एकच गोष्ट बदला. निकेल चढवलेल्या स्टीलवरून शुद्ध निकेलवर गेलात तर आवाज मऊ होतो, स्टेनलेस स्टीलवर गेलात तर तिखट. गेजही सोबत बदललंत तर कुणामुळे काय झालं ते कळणार नाही. अकूस्टिकवर ८०/२० ब्राँझ सुरुवातीला जास्त चमकतं, फॉस्फर ब्राँझ उबदार असतं. आणि ब्राँझच्या तारा इलेक्ट्रिकवर लावू नयेत: ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही, पिकअपला फक्त आतला गाभा 'दिसतो', त्यामुळे गुंडाळलेल्या तारा दबून जातात.

पायरी ४: जुन्या तारा काढण्यापूर्वी मोजमाप

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात. गिटार सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कापो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चाप, लावा, नेक जिथे अंगाला मिळतो त्या फ्रेटवर सहावी तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते बघा. ०.२ ते ०.३ मिलिमीटर, म्हणजे साधारण एका व्हिजिटिंग कार्डाइतकी फट बहुतेक गिटारना मानवते. मग कापो काढून बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा. इलेक्ट्रिकवर सहावी १.६ ते २ मिलिमीटर आणि पहिली १.२ ते १.६, अकूस्टिकवर सहावी २.४ ते २.८ आणि पहिली १.८ ते २.२ असेल तर तुम्ही नेहमीच्या पट्ट्यात आहात. तुमची मापं वेगळी असली तरी हरकत नाही. तुम्हाला ती आवडत असतील तर नव्या तारांवर तीच परत आणायची आहेत. वहीत लिहा.

शिवाय जुन्या तारांवर एक छोटा तुकडा रेकॉर्ड करा: चार कॉर्ड, एक रिफ, एक बेंड. आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. महिनाभर वाजवलेल्या तारांची तुलना कोऱ्या तारांशी करू नका. कोरी तार कुठल्याही गेजची असो, चमकतेच. मी स्वतः वर्षभर समजत होतो की दहाच्या तारांनी माझा आवाज उजळला. पुढे त्याच गेजचा कोरा सेट लावला तेव्हा कळलं की उजळला तो ताजेपणानं. शक्य असेल तर आधी सध्याच्या गेजचाच नवा सेट लावून रेकॉर्ड करा आणि मग नव्या गेजकडे वळा.

पायरी ५: तारा चढवणं

ब्रिज पक्का असेल तर सगळ्या तारा काढून फ्रेटबोर्ड पुसून घेता येतो. ब्रिज तरंगता असेल, म्हणजे ट्रेमोलो मागे-पुढे हलणारा असेल, तर एकेक तार बदला. आर्चटॉपवरही तसंच करा. तिथला ब्रिज केवळ तारांच्या दाबानं जागेवर उभा असतो.

नटकडे नीट बघा. नवी तार खाचेत सहज बसायला हवी. जाड तार अरुंद खाचेत अडकली की ट्यून करताना 'टिक्' असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो. बेंडनंतर तार सुरात परतत नाही. हलकी अडचण असेल तर खाचेत पेन्सिलीचं शिसं घासल्यानं भागतं. त्यानं भागलं नाही तर खाच रुंद करावी लागते, आणि त्यासाठी त्या मापाची नट फाइल हवी. साध्या कानशीनं किंवा ब्लेडनं हे काम करू नका. खाच एकदा खोल गेली की मोकळी तार फ्रेटवर घासते आणि मग नट भरून घेणं किंवा बदलणं एवढाच मार्ग उरतो. जाडीवरून पातळकडे येताना अडचण उलटी असते. रुंद खाचेत बारीक तार थरथरते आणि तंबोऱ्याच्या जवारीसारखी झणझण ऐकू येते. तंबोऱ्यावर ती जीव ओतते. इथे मोकळ्या तारेचा स्वर धुऊन टाकते.

तारा सुरात आणा, प्रत्येक तार मध्यावर हलकेच उचलून ताणा, पुन्हा सुरात आणा. सूर उतरायचा थांबेपर्यंत हे करत राहा. मग गिटार काही तास, जमलं तर रात्रभर तशीच ठेवा. लाकूड नव्या ताणाला सावकाश उत्तर देतं. लगेच मोजलेलं माप दुसऱ्या दिवशी खोटं ठरतं.

पायरी ६: तरंगता ब्रिज आणि नेक

तरंगत्या ब्रिजवर जड तारा लावल्या की ब्रिज पुढे कलतो आणि मागून उचलला जातो. मागच्या बाजूला स्प्रिंग धरणारे दोन स्क्रू अर्धा अर्धा फेरा आत घ्या, पुन्हा ट्यून करा, पुन्हा बघा. चार-पाच आवर्तनं लागतात, धीर धरा. स्क्रू संपत आले तर एक स्प्रिंग वाढवा. हलक्या तारांवर हेच उलट करायचं.

ब्रिज स्थिर झाल्यावर नेक. जड तारा नेकला पुढे वाकवतात: मधली फट वाढते, तारा उंच वाटतात. ट्रस रॉड, म्हणजे नेकमधली त्याचा वाक सांभाळणारी सळई, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं घट्ट करावा लागतो. हलक्या तारांवर नेक मागे झुकतो, फट संपते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर सुरू होते. तिथे रॉड सैल करायचा. नेमक्या मापाची चावी वापरा. घट्ट करताना आधी तारा थोड्या सैल करा, एका वेळी एक अष्टमांश ते पाव फेराच द्या, पुन्हा सुरात आणा, मोजा. चावीला विरोध वाटला तर तिथेच थांबा आणि जाणकाराकडे द्या. तुटलेला ट्रस रॉड ही मोठी शस्त्रक्रिया असते.

आणि क्रम चुकवू नका: आधी नेक, मग उंची, मग इंटोनेशन, म्हणजे फ्रेट दाबल्यावरही स्वर सुरात लागणं. उलट केलंत तर प्रत्येक गोष्ट दोनदा करावी लागते.

पायरी ७: उंची आणि इंटोनेशन

वहीतल्या मापाला उंची आणा. पातळ तारा रुंद झोके घेतात, म्हणून त्यांना कधी कधी ०.१ मिलिमीटर जास्त उंची द्यावी लागते. जाड तारा त्याच जोराला कमी हलतात. त्यांची उंची थोडी कमी करता येते आणि वाढलेला ताण त्यामुळे हाताला सुसह्य होतो.

इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो भाग) मागे न्या, म्हणजे नटपासून दूर. उतरलेला असेल तर पुढे आणा. प्रत्येक वेळी सॅडल हलवल्यावर तार पुन्हा सुरात आणायची. साध्या तारा जाड केल्यात तर सॅडल जवळपास नेहमी मागे जातं. साधी तिसरी तार सगळ्यांत मागे जायला बघते. गुंडाळलेली लावलीत तर ती चक्क पुढे येते, कारण ताठपणा ठरतो आतल्या पातळ गाभ्यावरून. अकूस्टिकवर सॅडल हलत नाही. तिथे एका घराचा बदल सहसा खपून जातो. दोन घरांचा बदल कान पकडतो.

पायरी ८: पिकअपची उंची

गेज बदलल्यावर 'आवाज चिखलासारखा झाला' अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा पिकअप जुन्याच उंचीवर असतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंतची फट मोजा. साधारण २ ते २.५ मिलिमीटरपासून सुरुवात करा, खालच्या तारांकडे थोडी जास्त ठेवा. जाड तारांवर पिकअप थोडा खाली घेतला की आवाज मोकळा होतो. सिंगल कॉइलचे चुंबक तारेच्या फार जवळ असतील तर ते जाड तारेला ओढतात, आणि वरच्या फ्रेटवर सहाव्या तारेचा स्वर लाटेसारखा डुलतो, सुरात लागतच नाही. तेव्हा ट्यूनरला दोष न देता पिकअप उतरवा.

स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या जुन्या वळणाच्या पिकअपमध्ये चुंबक कमी-जास्त उंचीचे असतात आणि तिसऱ्या तारेखालचा उंच असतो. ती रचना गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेच्या काळातली आहे. आज तिथे साधी 'जी' असते आणि ती बाकीच्यांवर ओरडते. पिकअपऐवजी तिसरी तार बदलून बघितली तर अनेकदा भागतं: सतराऐवजी सोळा.

पायरी ९: दोन आठवडे, मग निर्णय

पहिले तीन दिवस कुठलंही मत बनवू नका. हात अजून जुन्या ताणावरच वाजवत असतो. आठवड्याभरानं तोच तुकडा, त्याच ॲम्पच्या त्याच खुणांवर, त्याच पिकनं रेकॉर्ड करा. ऐकताना दोन्ही रेकॉर्डिंगची पातळी सारखी करा, कारण जरा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. मग पायरी १ मधलं वाक्य काढा आणि फक्त त्याच तक्रारीचं काय झालं ते तपासा.

बहुतेकदा उत्तर अर्धं येतं: चार तारा हव्या तशा बसतात, दोन खटकतात. मग पूर्ण सेट बदलू नका. सुट्या तारा मिळतात. नेहमीच्या १०-४६ मध्ये पाचवी तार सर्वांत ताठ आहे, सुमारे ८.८ किलो, आणि दुसरी सर्वांत सैल, सुमारे ७. पाचवी ३६ ऐवजी ३४ आणि दुसरी १३ ऐवजी १३.५ लावली तर सहाही तारा हाताला जवळपास सारख्या लागतात. अशा समतोल ताणाचे तयार सेटही निघतात. उलट काहींना खालच्या तारांचा तो जादा ताठपणाच हवा असतो. मग तो ठेवावा.

माझ्या वहीतली सध्याची नोंद अशी आहे: स्केल ६४८, ट्यूनिंग अर्धा सूर खाली, सेट १०.५-४८, पाचवी ३६ ठेवली, तिसरी १७. नेकची फट ०.२५, सहावी १.८, पहिली १.५, पिकअप पाव मिलिमीटर उतरवला. त्याखाली तारीख, आणि पाकीट त्याच पानाला चिकटवलेलं.